खालचं बटण

भिंगरी एकटीच दाराबाहेर जाऊन परत आली, तरी तिच्या आईला त्याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी कामावरून येऊन ती चपला काढत होती, तेव्हा समोरच्या दारातल्या शिक्षिकाबाई हसत हसत म्हणाल्या, "आज तुमची स्वारी पार खालच्या पायरीवर मांजराशी गप्पा मारत बसली होती हं. मी वर आणून सोडली."

शिक्षिकाबाई सहज बोलल्या आणि सहज आत गेल्या. इकडे भिंगरीची आई एक चप्पल पायात आणि एक हातात अशी तिथेच उभी राहिली. खालच्या पायरीनंतर फाटक, फाटकानंतर रस्ता, आणि रस्त्यावर... पुढचं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून सरकून गेलं. तिचं डोकंच तसं होतं. इतरांना जिथे नुसती पायरी दिसे, तिथे तिला पायरीवरून गडगडणारं मूल दिसे.

भिंगरीचं कागदावरचं नाव वेगळं होतं. पण पायांना वाट फुटल्यापासून पोरगी एका जागी कुणाला सापडेना, म्हणून आजीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

सासूबाई आत ओट्याशी मटार सोलत बसल्या होत्या. सुनेचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. "जरा डोळा लागला गं. दार नुसतं लोटलेलं होतं. खिटी तिच्या हाताला येते हे मला काय ठाऊक?"

"ठाऊक असायला हवं, आई."

एवढंच. आवाज चढला नाही, भांडं आदळलं नाही. पण सासूबाईंच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली, आणि रात्री जेवताना मटाराची भाजी त्यांनी स्वतःच्या पानात वाढून घेतलीच नाही.

खरं तर सासूबाई या घरात आल्या त्या भिंगरीसाठीच. मुलगा नोकरीपायी दुसऱ्या गावी, घरी येणार तो शनिवारी आणि जाणार रविवारी. सुनेची रजा संपत आली तेव्हा सासूबाईंनी आपली भाड्याची खोली सोडली, भांडी वाटून टाकली आणि एका ट्रंकेनिशी इथे येऊन राहिल्या. "नातवंड सांभाळायला आले," असं त्या सगळ्यांना सांगत. या घरातली त्यांची जागा त्या एका वाक्यावर उभी होती. सुनेलाही ते कळत होतं. म्हणूनच पुढचं वाक्य तोंडातून काढायला तिला दोन दिवस लागले.

"आई, मी चौकातल्या पाळणाघरात विचारून ठेवलंय. आणखी एकदा असं काही झालं, तर मी तिला तिथे घालीन."

"घाल की," सासूबाई म्हणाल्या. "आई तू तिची."

आणि मग भिंगरीचे मोजे उलटे करून सुलटे, सुलटे करून पुन्हा उलटे करत बसल्या.

*

भिंगरीची आई औषधांच्या एका कारखान्यात लेबलं तपासायची. छापायला जाण्याआधी बाटलीवरचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक टिंब तिच्या डोळ्यांखालून जाई. एका टिंबाने औषधाचं विष होतं, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं आणि नोकरीने पक्कं केलं होतं. दुसऱ्याची चूक हुडकणं हेच पगाराचं काम. ते सहा वाजता टेबलाच्या खणात ठेवून घरी यावं, हे काही तिला साधलं नव्हतं.

कुलूपवाल्याच्या दुकानात ती गेली तीसुद्धा अशी, की जणू कुलूपच गुन्हेगार आहे आणि ही उलटतपासणी घ्यायला आली आहे.

"किल्लीचं नको. आई किल्ली विसरतात. उद्या कचरा टाकायला गेल्या नि दार मागे बंद झालं, तर?"

"मग हे घ्या," कुलूपवाला म्हणाला. "बोट लावलं की उघडतं. सेलवर चालतं."

"सेल संपला तर?"

"संपायच्या आधी ओरडतं ना ते."

"आणि घरात कुणीच नसताना ओरडलं तर?"

कुलूपवाल्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकांच्या त्याने दोनच जाती केल्या होत्या: स्वस्त मागणारी आणि 'तर' विचारणारी. दुसऱ्या जातीला चहा पाजावा लागतो, हे तो अनुभवाने जाणून होता. त्याने चहा सांगितला आणि खालच्या फळीवरून एक जड डबी काढून तिच्यासमोर ठेवली. जाड पितळी तबकडी, तिच्यावर बटणांच्या दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत पाच. तळाशी एक बटण एकटंच. त्यावर इंग्रजी सी कोरलेला.

"ना सेल, ना वायर, ना किल्ली. नुसत्या स्प्रिंगा आणि लोखंडाचे तुकडे. आपले आकडे दाबायचे, मूठ फिरवायची. दार उघडतं, आणि दाबलेले आकडे आपोआप सुटतात."

"कुठल्या क्रमाने?"

"कुठल्याही. ताई, हे कुलूप म्हणजे साधं माणूस. आधी कोण आलं, मागाहून कोण आलं, याचं त्याला काही नाही. बोलावलेले चौघं आले की झालं. पण न बोलावलेला पाचवा घुसला ना, तर मग अडून बसतं. चौघं तिथे असले तरी उघडत नाही."

हे तिला फार पटलं नाही. क्रम नाही म्हणजे कुलूप अर्धं भोळंच की. "मग मला चार आकडे नकोत. सात ठेवा. जितके जास्त तितकं बरं."

"ठेवू की," तो म्हणाला. त्याला काय, सात तर सात.

पण चहा गार होईपर्यंत तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. क्रमाला किंमत नसेल, तर दहांतले सात निवडणं म्हणजे न निवडायचे तीन ठरवणं. जुळण्या वाढत नाहीत, पाचाच्या पुढे उलट उतरायला लागतात. सात घेतले तर पाचांच्या निम्म्याही राहत नाहीत. बशीत बोटाने रेघा ओढत तिने ते त्याला समजावून सांगितलं. त्याने बशीतल्या रेघा पुन्हा मोजल्या. "वीस वर्षं विकतोय," तो म्हणाला, "आणि लोकांना सांगतोय, भरपूर आकडे घाला. बरं झालं कुणी बशी घेऊन आलं नाही."

ती हसली. शेवटी चारच ठरले. सासूबाईंच्या लक्षात राहायला हवेत म्हणून.

अडलं ते पुढे. "आतूनही हीच बटणं हवीत," ती म्हणाली. "दोन्हीकडून."

कुलूपवाल्याने डबी थोडी आपल्याकडे ओढली. "आतून नको, ताई. आतून दार हाताला उघडलं पाहिजे. नुसती मूठ फिरवली की बाहेर. कधी धूर झाला, कुणाला चक्कर आली, तेव्हा माणूस आकडे आठवत बसेल?"

"आतून नुसत्या मुठीवर उघडलं, तर माझी मुलगी आकडे न आठवता बाहेर जाईल."

"मग वर एक कडी लावा. उंच."

"सासूबाईंचा खांदा धरलाय. हात कानाच्या वर जात नाही."

धूर आणि रस्ता, दोन्ही तिने पारड्यांत घालून पाहिले होते. धूर लागेल तेव्हा लागेल. रस्ता मात्र रोज होता, दिवसभर होता. "दोन्हीकडून," ती पुन्हा म्हणाली.

"तुमच्या घरी काय आहे?" निघता निघता तिने विचारलं.

"माझ्या?" कुलूपवाला ओशाळला. "साधी कडी. बायको म्हणते, दिवसभर बटणं दाबता, घरी तरी दार ढकलून या."

*

कुलूप बसवायला तो आला, तेव्हा भिंगरीने त्याच्या हत्यारांच्या पेटीवरच ठाण मांडलं. त्याने दारात भोकं पाडली, दोन्ही बाजूंना तबकड्या बसवल्या, दार आपसूक मिटावं म्हणून वर स्प्रिंगचा हात लावला. तो एक बटण तपासेपर्यंत भिंगरी तीन दाबून मोकळी होई. शेवटी तिला समजवायचं म्हणून तो म्हणाला, "हे बघ राणी, हे सगळ्यात खालचं, एकटं आहे ना, ते तुझं. बाकीची आईची. तुझं आधी दाबायचं, मग बाकीच्यांचा नंबर. कळलं?"

भिंगरीने मान हलवली आणि आपलं बटण दाबलं. आत कुठेतरी खटकन आवाज झाला. तिने पुन्हा दाबलं. त्या दिवसापासून कुणीही दाराशी गेलं की "माझं आधी!" असा आरडाओरडा होई, आणि आई घाईत असली की म्हणे, "बरं बरं, दाब," आणि मग आपले चार आकडे दाबी.

दोन, पाच, सात, नऊ. जिन्यावर कुणी असलं, तर ती अंगाचा आडोसा करून दाबायची. डावा तळवा वर धरायचा, उजव्या हाताची बोटं खाली. शिक्षिकाबाईंनाही दिसू नयेत. आणि या सगळ्या बंदोबस्तात भिंगरी तिच्या कडेवर असे, नाक बटणांपासून वीतभर अंतरावर.

सासूबाईंना तिने आकडे शिकवले, ते शाळेतल्या पाढ्यासारखे. सासूबाईंना आकड्यांपेक्षा जागा लवकर कळल्या. "म्हणजे या ओळीतलं वरून दुसरं नि तळाचं, आणि त्या ओळीतलं दुसरं नि शेवटाच्या वरचं. असंच ना?"

"असंच. पण आकडे पाठ करा."

"आणि चुकलं तर?"

भिंगरीच्या आईने घड्याळाकडे पाहिलं. तिची बस निघायची वेळ झाली होती. "चुकायचंच नाही, आई. चारच तर आहेत."

तिला स्वतःला त्या कुलुपात कधी चुकायची वेळच आली नाही. चार आकडे, मूठ, दार. त्यामुळे चुकलं तर काय, हा प्रश्न तिला प्रश्नच वाटला नाही.

*

काही आठवड्यांनी बटणं जड झाली. दाबलेलं एखादं रेंगाळत वर येई, जसं सकाळी पोरगं अंथरुणातून उठतं. तिने कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने जमिनीवर जुनं फडकं अंथरलं, आतली तबकडी उतरवून त्यावर पालथी घातली, मागची पत्र्याची झाकणी सरकवली, आणि आत वाकून वास घेतला.

"कुणी तेल घातलंय?"

भिंगरीची आई मागे वळली. मग सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या, "मीच. बिजागरीला घालतात ना, म्हणून. डोक्याचं होतं. सुवासिक."

"तरीच म्हटलं, कुलूप नटल्यासारखं का वाटतंय." कुलूपवाला हसला. "आजी, याला तेल चालत नाही. तेल धूळ धरतं, त्याचा चिखल होतो. याला कोरडी पूड लागते, शिसपेन्सिलीच्या शिशासारखी काळी."

त्याने चिमट्याने एकेक छोटी पट्टी काढून फडक्यावर ओळीने मांडली. काही तांबडी, काही निळी. "तांबड्या म्हणजे बोलावलेल्या," तो भिंगरीच्या आईला म्हणाला, "निळ्या म्हणजे आगंतुक. आकडे बदलायचे असले की यांच्याच जागा बदलायच्या." त्याने त्या पुसल्या, बारीक पूड फुंकली, पुन्हा जागच्या जागी बसवल्या, आणि एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली ती भिंगरीने पोटावर सरपटत जाऊन आणून दिली. तिला शाबासकी मिळाली. झाकणी लावण्याआधी त्याने खालचं बटण दाबून दाखवलं. दाबलेले सगळे तुकडे एकदम टुणकन परत आले. "हे बघा, सगळं झाडून साफ."

भिंगरीची आई बघत होती. म्हणजे डोळे तिकडे होते. मन मात्र डोक्याच्या तेलावर अडकलं होतं. खिटी, डोळा लागणं, आता तेल. तिच्या मनात सासूबाईंच्या चुका ओळीने मांडलेल्या होत्या, फडक्यावरच्या त्या पट्ट्यांसारख्या. फक्त त्या ती कधी पुसून परत ठेवत नव्हती.

कुलूपवाला गेल्यावर ती म्हणाली, "आई, कशालाही हात लावण्याआधी मला विचारत जा."

"श्वास घेऊ ना?" सासूबाई म्हणाल्या. आणि मग स्वतःच घाईने, "नाही गं, गंमत केली."

त्या रात्री तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून पाळणाघर. "तू आईला सांगितलंस?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "सांगेन." पण भिंत पातळ होती, आणि पलीकडच्या खोलीतून बराच वेळ येणारा पुटपुटण्याचा आवाज त्याच क्षणी थांबला होता. रोज झोपण्याआधी सासूबाई भिंगरीला गोष्ट सांगत. त्या रात्री गोष्ट अर्धीच राहिली.

*

फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. खोकल्याच्या औषधाचं लेबल तिच्यासमोर होतं.

"सूनबाई," सासूबाईंचा आवाज धाप लागल्यासारखा. "घाबरू नकोस. भिंगरी बाहेर आहे. मी आत आहे."

"बाहेर म्हणजे?"

"दाराच्या बाहेर. तिने उघडलं गं. मी चहा गाळत होते, खट्ट झालं, बघते तर दार मिटतंय नि ही पलीकडे. चेंडू गडगडला वाटतं जिन्यावर."

तिने कसं उघडलं, हा प्रश्न भिंगरीच्या आईच्या डोक्यात आला आणि तसाच बाजूला पडला. ती उभी राहिली. खुर्ची मागे आपटली. "उघडा ना मग! दोन, पाच, सात, नऊ!"

"दाबलं. उघडत नाही."

"पुन्हा दाबा. सावकाश. मी सांगते. दोन."

"दोन."

"पाच. सात. नऊ. आता मूठ फिरवा."

फोनमधून मूठ खडखडल्याचा आवाज आला. नुसताच खडखडाट.

"नीट दाबलंत का?"

"नीट दाबलं गं बाई! पहिल्यांदा घाईत चुकून आठ दाबलं. पण मग पुन्हा पहिल्यापासून सगळं नीट दाबलं. चार वेळा दाबलं."

"शिक्षिकाबाई?"

"शाळेत आहेत. मी ओरडले, खाली कुणी नाही." मग फोन कानापासून दूर गेला, आणि सासूबाईंचा आवाज बदलला. घाबरलेला आवाज कुठेतरी ठेवून दिल्यासारखा. "भिंगरे, आहेस ना? चेंडू राहू दे. तो जाईना का कुठे जातो तो. तू इथे दाराला पाठ लावून बस. मी पण बसते, इकडून. बसलीस?"

पलीकडून बारीक आवाज आला, "बसले."

"काल ती गोष्ट अर्धी राहिली ना? तो उंदीर कुठे होता?"

"डब्यात!"

"हां. डब्यात. आणि डब्याला झाकण..."

भिंगरीच्या आईने पर्स उचलली होती, जिन्याकडे धावली होती, फोन कानाला तसाच. एवढ्या गडबडीतही तिच्या लक्षात आलं, की सासूबाईंचा श्वास अजून धापेचाच आहे. गोष्ट मात्र एका लयीत चालली होती. पोरीला पायऱ्यांपासून दूर, दाराला चिकटवून ठेवणारी दोरीच जणू त्या तोंडाने वळत होत्या.

"...मग उंदीर म्हणाला, मला बाहेर काढा. पण आजीला डबाच उघडेना."

"आजी, तुला उघडत नाही?"

"नाही गं सोने. आजी अडकली."

"मी उघडते."

दाराशी खसफस झाली. मग फोनमधून, दाराच्या पलीकडून, स्पष्ट ऐकू आलं, "आधी माझं." खट. आणि त्यानंतर एकेक करून, जीभ बाहेर काढून दाबत असावी तसे चार आवाज. मग मूठ फिरली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन खाली पडला.

*

ती घरी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. फटीत पोळपाट अडकवलेला, पुन्हा मिटू नये म्हणून. उंबऱ्यात दोघी बसल्या होत्या. भिंगरी आजीच्या मांडीवर, बशीतून बिस्किटाचा लगदा खात. भिंगरीच्या आईने तिला उचललं, गुडघे बघितले, कोपर बघितलं, डोकं हुंगलं. सगळं जागच्या जागी होतं.

"उद्यापासून पाळणाघरात घाल तिला," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "पुढच्या महिन्याची वाट कशाला बघायची? मी ट्रंक आवरते. तिने दार उघडलं आणि मला उघडता आलं नाही. आता यापुढे बोलायला काय उरलं?"

भिंगरीच्या आईने पोरीला पुन्हा आजीच्या मांडीवर ठेवलं. ती दाराच्या आतल्या तबकडीपाशी गेली. पोळपाट तसाच होता, दार उघडंच होतं, पण तिला बघायचं होतं. चूक हुडकल्याशिवाय तिला कधी चैन पडलं नव्हतं. तिने दाबलं. दोन, पाच, सात, नऊ. मूठ फिरवली.

खडखड. कुलपाची जीभ आत गेली नाही.

तिने पुन्हा दाबलं. स्वतःच्या बोटांनी, एकेक, लेबल तपासावं तसं. खडखड.

चौघं आले, तरी कुलूप अडून बसलं होतं. म्हणजे आत पाचवा होता. आठ. सासूबाईंनी घाईत पहिल्यांदा दाबलेला आठ, अजून आतच बसलेला. त्याच्यावर कितीही वेळा बरोबर दाबा, चुकीचं ते चुकीचंच राहणार. तिने खालचं, एकटं बटण दाबलं. टुणकन काहीतरी सुटल्याचा आवाज झाला. मग चार आकडे. मूठ लोण्यासारखी फिरली.

"माझं आधी दाबलं!" भिंगरी उंबऱ्यातून टाळ्या पिटत म्हणाली.

भिंगरीची आई दाराकडे तोंड करूनच उभी राहिली. 'आणि चुकलं तर?' हा प्रश्न कुणी विचारला होता, कुणी घड्याळ पाहिलं होतं, कुणाची बस निघायची होती, सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. पायरीच्या जागी पडलेलं मूल बघणारे तिचे डोळे, पण या पितळी तबकडीवर त्यांना एवढं दिसलं नव्हतं. कडेवरची पोर सगळं बघते, हेही दिसलं नव्हतं. आतून दार हाताला उघडलं पाहिजे, असं बोलून दाखवणारा माणूस समोर होता, तेही ऐकलं नव्हतं. आज धूर नव्हता, एवढंच.

ती सासूबाईंजवळ उंबऱ्यात बसली. तिथे तिघींना जागा नव्हती, पण बसली.

"आई, तुम्ही बरोबर दाबत होता," ती म्हणाली. "आधीचं पुसायचं राहत होतं. ते कसं पुसायचं, ते मी सांगितलंच नाही तुम्हाला."

सासूबाईंनी मान वर केली. "मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो. विचारलं होतं."

"एवढं मान्य केलंस ना, पुष्कळ झालं," सासूबाई म्हणाल्या आणि भिंगरीच्या हनुवटीवरचा लगदा पदराने पुसला. मग, "चहा गाळायचा राहिलाय. गारढोण झाला असेल. दुसरा टाकू?"

"मी टाकते," भिंगरीची आई म्हणाली. पण दोघींपैकी कुणीच लगेच उठलं नाही.

*

कुलूपवाला आला, तेव्हा सगळं ऐकून त्याने कान खाजवला. "पोरीला सांगितलं नि आजींना सांगायचं राहिलं. माझंही चुकलंच." आतली तबकडी काढून त्याने तिथे साधी मूठ बसवली, फिरवली की दार उघडणारी. भिंगरीची सोय सासूबाईंनी काढली. दारापासून दोन पावलं आत लाकडाचं बुटकं फाटक. त्याची खिटी पलीकडच्या अंगाला, मोठ्या माणसाने कमरेतून वाकून काढायची. खांद्याला त्रास नाही, आणि भिंगरीचा हात तिथवर पोचत नाही. शिवाय मुठीला एक घंटी बांधली. भिंगरीच्या आईने फाटकाच्या फटी बोटांनी मोजून बघितल्या, डोकं अडकेल का ते. अडकत नव्हतं. मग एकदा अजून मोजल्या. ते काही सुटण्यातलं नव्हतं.

"आकडे बदलायचे ना?" कुलूपवाल्याने बाहेरची तबकडी फडक्यावर पालथी घालत विचारलं. "जुने तर पोरीला पाठ आहेत."

भिंगरीच्या आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही सांगा."

सासूबाईंनी भिंगरीला चेंडू आणायला आत पिटाळलं, आणि कुलूपवाल्याच्या कानाशी वाकून चार आकडे सांगितले. मग सुनेच्या कानाशी. कुठून आणले ते आकडे, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. पाळणाघरवाल्या बाईंना तिने तिथूनच फोन करून सांगितलं, की आमची जागा दुसऱ्या कुणाला द्या.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने फोन तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला. चौथ्यांदा उचलला आणि केला. "मटार सोलतोय आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "ती सोलते नि खाते, मी नुसती सोलते. ठेव."

संध्याकाळी ती घरी आली, ती दिवसभराच्या लेबलांनी चुरचुरणारे डोळे घेऊन. हातात भाजीची पिशवी, खांद्यावर पर्स, बगलेत छत्री. दाराशी उभी राहून तिने सवयीने दाबलं. दोन, पाच, सात, नऊ. मूठ फिरली नाही. तेव्हा कुठे तिला आठवलं, की आकडे नवे आहेत. घाईने नवे दाबले. खडखड. पुन्हा दाबले. खडखड. पिशवीतून एक कांदा पडला आणि जिन्यावरून टप्पे खात गेला.

आत कुणाचीतरी पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. आतून दार नुसत्या हाताने उघडत होतं. कुणी उघडलं नाही.

"चुकलं का गं?" आतून सासूबाईंचा आवाज आला. त्यात हसू होतं, पण टोचणारं नव्हतं. "खालचं दाब आधी. मग पुन्हा पहिल्यापासून. सावकाश. आम्हाला घाई नाही."

"माझं आधी!" फाटकाच्या पलीकडून भिंगरी ओरडली.

तिने पिशवी खाली ठेवली आणि खालचं बटण दाबलं.